लाव्ह्याची मोटार

बोरी बुद्रुक
१८ ऑगस्ट २०२५

सावळ्या,

आशीर्वाद मागाहून देईन, आधी तू उत्तर दे. तुझ्या भाच्यानं, अमृतनं फोन केला तर तू उचलत न्हाईस. मी केला तर उचलतोस आन् तसाच ठेवून देतोस, म्हंजी मला कळावं की भाऊ जित्ता हाये आन् अजून रुसलेला हाये. म्हणून चौथीपर्यंतचं शिक्षण कामाला लावते. अक्षर वाकडं असंल, पण तुझ्या स्वभावापरास सरळ हाये.

आन् रुसायचं कारण तरी काय, तर मोटार! लोकांचे भाऊ जमिनीवरून रुसत्यात, बायकोच्या सांगण्यावरून रुसत्यात. माझा भाऊ मोटारीवरून. कबूल, आपल्या हिरीवर नवी मोटार बसली की नारळ मामानं फोडायचा आन् स्टार्टरचं बटण बी मामानंच दाबायचं, ही रीत हाये. पण गेल्या दसऱ्याला दिलावर मिस्त्रीनं स्टार्टरला ऑटो बसवून दिला. लाइट आली, मोटार आपली आपण सुरू झाली. तू तवा मंचरच्या स्टँडवर भजी खात असशील. बांधावर नारळ घेऊन उभा राहिलास तर पाणी निम्म्या वावरात. ऑटोला कळतं का मामा कोन आन् भाचा कोन? तू चहा न घेता बांधावरूनच माघारी. नारळ बी माघारी नेलास! तळेघरापर्यंत मांडीवर घेऊन बसलास म्हणं यष्टीत.

भाऊबीजेला आला न्हाईस. मी चंद्राला ओवाळलं, बिनभावाच्या बाया ओवाळत्यात तसं. माझा भाऊ डोंगरात धडधाकट, आन् मी अंगणात ताट घेऊन आभाळाकडं बगत उभी. शेजारच्या बाया इचारत्यात, "साळुबाई, भाऊ कधी वारला वो?" काय सांगू? यंदा तेवीस ऑक्टोबरला भाऊबीज हाये. यायचं. मी सत्तरी ओलांडली, तू बी काय पोरगा न्हाईस. एवढंच म्हणते.

आता ज्याच्यासाठी बसले ते राहिलंच. अमृतची प्राची कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. शिकते म्हंजी खेळते. तिच्या त्या खेळात सात बुटके एका डोंगरापाशी येत्यात, डोंगर पोखरत्यात आन् आत किल्ला करत्यात. शिवनेरी डोंगरावर हाये, ह्यांचा किल्ला डोंगराच्या पोटात. उंदीर हायेत नुसते. पाणी त्यांना चालत न्हाई, दारू लागते. दारू संपली की काम बंद, तोंड फुगवून बसत्यात, एकमेकाच्या उरावर बसत्यात. मी म्हणलं, प्राचे, हे बगायला लाइट कशाला जाळती? आपल्या आळीत फुकट दिसतं. पण बग, पलीकडं टेकून बसले ती तिन्हीसांजेला सून दिवा लावायला हाक मारायला आली तवा उठले.

त्या डोंगराच्या तळाशी शिलारस हाये. मॅग्मा म्हणतात. वितळलेला दगड रं! तो वर आणला की भट्टीला कोळसा लागत न्हाई, असं तिचं म्हणणं. आपल्या बोरीच्या नदीकाठी ती जुनी ज्वालामुखीची राख न्हाई का सापडली, पुण्याचे साहेब लोक डबीत भरून नेतात ती? मी एकाला म्हणलं व्हतं, माझ्या चुलीची बी न्या, ताजी हाये. तर तसला प्रकार. पण ह्या पोरीला रस वर काढायचाय पंपानं! एक पंप एकच मजला चढवतो. म्हणून पंपावर पंप, त्याच्यावर पंप, दहीहंडीच्या थरावानी. पहिल्यांदा बाईसाहेबांनी लाकडाचे केले. जळाले. कॉलेजची फी भरतोय आमी. आता लोखंडाचे चाललेत.

तू धरणाच्या उपसा योजनेवर ऑपरेटर व्हतास, स्टेज-स्टेजनं पाणी डोंगरावर चढवायचास, म्हणून तुला इचारते. उत्तर आलं न्हाई तर समजेन की तुला बी काय कळत नव्हतं, नुसती खुर्ची गरम केली.

एका बुटक्याला तुझं नाव दिलंय. कमी बोलतो आन् सदा रागात असतो, म्हणून. प्राचीनं एका बुटकीला माझं दिलंय. कशावरून ते सांगत न्हाई, हसती नुसती.

अक्का

*

तळेघर
२६ ऑगस्ट

साळूअक्का यांस,

मी रुसलेलो नाही. भाताला खत देण्याच्या कामात आहे.

शिलारस पंपाने चढत नाही. सील वितळेल. पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह कुठे बसवला ते लिहिले नाहीस, म्हणजे बसवलाच नाही. पोरीला सांग, लॅपटॉप विक आणि शेळ्या घे.

भजी खाल्ली नव्हती. गाडी पंक्चर होती.

माझ्या नावाच्या माणसाला काय काम दिले आहे ते कळव. दगड उचलायला लावला असेल तर नाव काढून टाका. मी ऑपरेटर होतो, बिगारी नव्हे.

सावळेराम

*

बोरी बुद्रुक
३ सप्टेंबर

सावळ्या,

काल गौरी बोळवल्या. पुरणपोळ्या शंभर झाल्या, कंबर राहिली न्हाई. तुझं कार्ड आलं. पोस्टमन म्हणला, "आजी, ह्यात एक बी गोड शब्द न्हाई." मी म्हणलं, माझ्या भावाचंच हाये मग, आण इकडं.

दगडच उचलत व्हता तुझा सावळ्या. खोटं कशाला बोलू? दिवसभर दगड उचलायचा, रातच्याला दारू प्यायचा, मग एका कोपऱ्यात बसून भिंतीकडं बगायचा. प्राचीनं त्याच्यावर टिचकी मारली की लिहून येतं, त्याच्या मनात काय चाललंय ते. असलं एक यंत्र तुझ्यासाठी पायजे व्हतं मला. लिहून आलं की त्याला कुणी इचारत न्हाई म्हणून वाईट वाटतंय. मी म्हणलं, हा आमचाच! तुझं कार्ड वाचल्याबरोबर त्याला बढती दिली. आता पंपावर हाये. खूश हाये का ते कळत न्हाई, दाढीत तोंड दिसत न्हाई.

फूटव्हॉल्व्ह ह्या पंपाला नसतोच. मी इचारलं. शेण लावून हवा बंद करावी म्हणलं, तर गाय न्हाई. मांजरं हायेत, ढिगानं. चार मांजरं आणली व्हती, आता किल्ल्यात पाय ठेवायला जागा न्हाई.

आता नीट वाच. पंप लागलेत सगळे. पण फिरवायचे कशानं, ह्यावरून आमचं भांडण चाललंय. प्राची म्हणते डोंगराच्या माथ्यावर पवनचक्की उभी करायची, तिचा दांडा थेट तळापर्यंत सोडायचा. वारा आला की सगळे पंप एकदम फिरणार, माणूस नको. मी म्हणलं, थांब बाई. ह्या घरात आपली आपण चालू व्हनारी मोटार एकदा बसवली, तिच्यापायी माझा भाऊ गेला. आता मामाला इचारल्याबिगर काय बी फिरणार न्हाई. प्राची म्हणाली, "आजी, त्यांना ह्यातलं काय माहीत?" मी म्हणलं, तुला तरी लाकूड जळतं हे माहीत व्हतं का?

तर सांग. चक्की का माणसं? आन् भाऊबीजेचं तू कार्डात काय लिहिलंच न्हाईस. जागा नव्हती म्हणशील. खाली चार बोटं कोरी व्हती, मी मोजली.

अक्का

*

तळेघर
१५ सप्टेंबर

साळूअक्का,

माणसं.

हे पत्र मोठे आहे कारण विषय कामाचा आहे. प्रत्येक स्टेजला एक माणूस पाहिजे. पंपाजवळ माणूस नसेल तर तो पंप नव्हे, मोकाट वळू. वारा काय, ऑटो काय, दोघांनाही डोळे नाहीत. पाणी कुठे चालले, कुणाच्या बांधावर चढले, कोण बुडाले, त्यांना काय? योजनेवर मी दुसऱ्या स्टेजला होतो. भाकरी तिथेच, झोप तिथेच. एकदा अंगात ताप होता, गोधडी घेऊन पॅनलसमोर बसलो, पण स्टेज सोडली नाही. साहेब येऊन म्हणाले, घरी जा. मी म्हणालो, बदली माणूस आल्याशिवाय नाही. बदली दुसऱ्या दिवशी आली.

चालू करताना सगळ्यात वरचा पंप आधी, मग त्याच्या खालचा. बंद करताना उलट, खालचा आधी. वरचा थांबला आणि खालचा फिरत राहिला तर रस मधेच उतू जाणार. हे पोरीकडून पाठ करून घे. आणि माझ्या माणसाला दुसरी स्टेज दे, वरची देऊ नको. वरचे ऑपरेटर हवा खातात.

मांजरं पोत्यात घालून लांब सोडा.

भाऊबीजेला नेमकी भातकापणी असते. जमणार नाही. चंद्रालाच ओवाळ. तोही ऑटोच आहे, आपला आपण उगवतो, मामाची वाट बघत नाही.

सावळेराम

*

बोरी बुद्रुक
७ ऑक्टोबर

सावळ्या,

काल कोजागिरी झाली. दूध पातळ. अमृतनं आणलेलं, म्हंजी इचारूच नको.

तुझ्या पत्राप्रमाणं सगळं केलं. प्राची नको नको म्हणत व्हती, तिला मी दम दिला. स्टेजला एक एक बुटका उभा केला. दांडा धरून गोल फिरवायचा, उसाच्या चरकावानी. वरचा आधी, मग खालचा, तू सांगितलं तसं. आन् चढला रं सावळ्या, चढला! तांबडा, पिवळा, गिळगिळीत, एकेक मजला वर. मी टाळ्या वाजवल्या. सून चुलीपाशी म्हणाली, "आत्याबाई, कुणाचं बारसं हाये?" सुनेला काय कळतंय, तिला कुकरची शिट्टी कळंना.

आन् मग तुझ्या माणसानं घात केला.

तिसऱ्या स्टेजला ठेवला व्हता तुझा सावळ्या, दुसऱ्या स्टेजला माझी साळू. प्राचीनं अदलाबदल केली व्हती, कामाच्या सोयीनं. रस दोन मजले वर आला, तिसऱ्याच्या तोंडाशी आला, आन् त्या फुगीरानं दांडा सोडला. का? तर रुसला. कशावरून, देवाला ठाऊक. गेला आपला वर चालत, माघारी बगितलं न्हाई. खालचे दोन पंप फिरतच राहिले. तिसऱ्यापाशी रस तुंबला, काठावरून उतू गेला आन् खाली सांडला. खाली कोन? साळू. तिनं काय दांडा सोडला न्हाई. फिरवतच व्हती. जळाली जागच्या जागी. तिच्या पायातली पायताणं सुद्धा राहिली न्हाईत.

प्राची रडली. मी न्हाई रडले. मी म्हणलं, हे तर व्हनारच व्हतं. ज्याच्या नावात रुसवा, त्याला स्टेजवर उभाच करायला नको व्हता. दगड उचलत व्हता तेच बरं व्हतं.

आता तू भात काप. सावकाश काप. एक एक लोंबी काप. हितं कुणाचं काय अडलेलं न्हाई.

साळू (जळालेली)

*

तळेघर
१३ ऑक्टोबर

अक्का,

तुझे पत्र पोचले. दोनदा वाचले कारण अक्षर लागत नाही.

हे खोटे आहे. माझ्या नावाचा माणूस स्टेज सोडत नाही. रुसला तरी सोडत नाही. माणूस घरात रुसतो, ड्युटीवर नाही. एवढा फरक तुला इतक्या वर्षांत कळला नसेल तर चौथीपर्यंत तरी कशाला गेलीस?

मी दुसरी स्टेज सांगितली असताना तिसरी कुणी दिली? पोरीने अदलाबदल कुणाला विचारून केली? तुझ्या नावाच्या बाईला पंपाजवळ ठेवलेच कशाला? तिचे काम होते का ते? तिने स्वयंपाकघर बघायचे, आल्यागेल्याला जेवायला घालायचे. बाकीची माणसे नव्हती का? मांजरे पोसायला माणसे आहेत आणि पंपाला नाहीत?

आमचा गेणू म्हणाला, आबा, जेवत का नाही, एका खेळातल्या बाहुलीचे एवढे काय? मी त्याला सांगितले, भाकरी कडक आहे.

मी समक्ष येऊन तपासणी करणार आहे. तेवीस तारखेची गाडी धरतो. त्याच दिवशी भाऊबीज आहे हे कॅलेंडर बघितल्यावर कळले. तपासणी आधी. ओवाळायचे असल्यास नंतर बघू. भात गेणू कापेल, वाकडे कापेल, पण कापेल.

नारळ आणणार नाही.

सावळेराम

*

तळेघर
९ नोव्हेंबर

अक्का,

मंचरला गाडी लगेच मिळाली. तू बांधून दिलेले लाडू घोडेगावच्या पुढे चढावर संपले. निम्मे पिशवीतच फुटले होते, तुझ्या हाताला पाक कधीच जमला नाही.

तपासणीचा अहवाल आता लिहितो, तिथे बोललो नाही.

आलो त्या संध्याकाळी तू ताटाची तयारी करत होतीस. मी पोरीला म्हणालो, दाखव. तिने दाखवले. त्या खेळात कोण मेला, कुठे मेला, सगळे नावानिशी येते. दुसरी स्टेज, सावळ्या, शिलारसात जळाला, दांडा हातात. तिसऱ्या स्टेजवरून निघून गेली ती साळू. रुसून नाही. वर मोठ्या दालनात नाच चालला होता, तिथे गेली. खाली माणूस जळाला तरी तिचा नाच संपलेला नव्हता. पोरगी म्हणाली, "मामाआजोबा, आजीला सांगू नका हां, मी तुम्हाला दाखवलं."

म्हणजे तू ओवाळायला आलीस तेव्हा मला सगळे माहीत होते. तू कुंकू लावलेस, तोंड गंभीर करून. "बस की नीट, हलू नको" म्हणालीस. मला हसू येत होते. तू विचारलेस, काय झालं? मी म्हणालो, तुपाचा धूर डोळ्यात गेला.

आणि कबूल करतो, हे पुन्हा कधी लिहिणार नाही: चूक माझीच होती. बुटक्याला दांडा दिला तर तो दारूला जाणार, झोपायला जाणार, नाचायला जाणार. पवनचक्कीच बरी. मात्र मधे बंद करायची कळ पाहिजे, ती मी पोरीकडून बसवून घेतली, आणि कळीजवळ एक माणूस. तुझ्या विहिरीवरच्या ऑटोलाही कळ असते. दिलावरने दाखवली. त्याने आधी दाखवली असती तर चहा घेतला असता.

अक्का, तू खोटे लिहिलेस म्हणून मी आलो. सावळ्या शेवटपर्यंत दांडा धरून जळाला असे खरे लिहिले असतेस तर मी साऱ्या तळेघरात सांगत फिरलो असतो आणि बोरीला पाऊल टाकले नसते. मला पळपुटा केलेस ते समजले. डिवचायला केलेस, तुझा जुना धंदा आहे. पण एक समजत नाही. मला पळपुटाच करायचे होते तर खाली दुसरा कुणीही बुटका जळाला म्हणून लिहायचे. नावे पुष्कळ होती. तुझेच नाव कशाला घातलेस? माझे चार दिवस वाया गेले त्यात.

सावळेराम

*

बोरी बुद्रुक
१८ नोव्हेंबर

सावळ्या,

लाडवाला नाव ठेवू नको, रव्यात खोट व्हती. दुकानदाराला सांगून आले. तो म्हणतो, रवा तोच हाये, हात म्हातारा झाला. त्याच्याकडं परत जाणार न्हाई.

नवी चक्की झकास चाललीया. भट्ट्या पेटल्या. आता बुटके दिवसरात तलवारी करत्यात, कुणाशी लढायचंय त्यांचं त्यांना ठाऊक. रिकामटेकडे. त्या साळूला मी तुझ्या सांगण्यावरून सैपाकघरात टाकली. तिथं बी नाचते.

प्राचीला काय बोललीस म्हणून इचारलं. कबूल झाली लगेच. ह्या पोरींच्या पोटात काय राहत न्हाई. बरं झालं, म्हणा.

तू इचारलंस त्याचं उत्तर देते आन् मग हा विषय बंद, पुन्हा काढलास तर पत्र तसंच माघारी पाठवीन.

खरंच लिहायला बसले व्हते त्या दिवशी. मनात म्हणलं, सांगते त्याला, तुझा माणूस उभा राहिला म्हणून, फुगू दे. तुझं नाव लिहिलं. म्होरं 'जळाला' लिहायचं व्हतं. हात जाईना. पेन झटकून बगितलं, चालू व्हतं. दोनदा बसले, दोनदा उठले. खेळच हाये, बाहुला हाये, सगळं कळतंय मला, मी काय येडी न्हाई. पण तुझं नाव आन् तो शब्द एका ओळीत उतरंना. जळालं तर कुनीतरी पायजे व्हतं. म्हणून माझं नाव लिहिलं. त्याला हात अडखळला न्हाई.

एवढंच. फुगू नको.

अक्का